जेवणाऱ्याची मुखत्यारी

भेळेच्या गाडीसमोर उभा राहिलेला मराठी माणूस घरात कितीही मवाळ असो आणि कचेरीत साहेबापुढे कितीही मान लववून वागणारा असो, त्या दोन मिनिटांपुरता तो पुरता अंमलदार झालेला असतो. "तिखट बेताचं, कांदा जास्त, चिंचेचं पाणी जरा कमी, शेव वरून" असे हुकूम तो एकामागून एक सोडतो आणि गाडीवालाही त्यांची बिनतक्रार तामिली करतो. पदार्थ कसा व्हावा हे ठरविण्याचा अखत्यार खाणाऱ्याकडे असावा, ही कल्पना म्हणूनच आपल्याला मुळीच नवी नाही. परंतु अशा अखत्यारामुळे भेळ आरोग्यदायी होते, असे आजवर कोणी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नव्हते. आणि अमेरिकेत नेमका तोच युक्तिवाद पिझ्झ्याच्या बाबतीत कानी पडला, तेव्हा त्याचा थोडा तपास करावासा वाटला.

प्रसंग घडला तो सिएटलजवळच्या रेडमंड गावी. तेथे भाचीच्या घरी माझा आणि माझ्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे अक्काचा, महिनाभर मुक्काम होता. अक्काला रक्तदाबाचा विकार असल्यामुळे मिठाविषयी डॉक्टरांचे कडक फर्मान सुटलेले, आणि त्यामुळे बाहेर जेवावयाचे म्हटले की घरात खल सुरू होई. एका रविवारी भाचीने एका पिझ्झ्याच्या उपाहारगृहाचा तोडगा काढला. "आई, तिथला पिझ्झा हेल्दी असतो. आपण सांगू तसा समोर करून देतात," ती म्हणाली. अक्काने चष्मा पुसता पुसता विचारले, "आपण सांगू तसा करतात, ते कळलं. पण म्हणून तो हेल्दी कसा होतो गं?" भाची हसली; मला मात्र हा प्रश्न जेवण आटोपल्यावरही सोडीना.

त्या उपाहारगृहाची रचना पाहण्यासारखी होती. काचेच्या लांबलचक पडद्याआड पोलादी डब्यांची रांग मांडलेली. एका टोकाला मळलेल्या पिठाचे गोळे. हातमोजे घातलेला एक तरुण त्यातला एक गोळा उचलून दोन तप्त तव्यांच्या यंत्रात ठेवी आणि एका दाबणीसरशी भाकरीएवढी गोल चकती बाहेर काढी. मग गिऱ्हाइकाने काचेपलीकडून बोट दाखवीत पुढे सरकावयाचे आणि चकतीनेही त्याच्याबरोबर पुढे सरकावयाचे. टोमॅटोचा सॉस पळीने मध्यभागी ओतून तिच्याच पाठीने गोल गोल पसरला जाई. नंतर चीज, त्यानंतर मांसाचे प्रकार आणि शेवटी अळंबी, पालक, कांदा, ढोबळी मिरची, ब्रोकोली, लसूण, अननस, ऑलिव्ह असा सारा भाजीबाजार. आमच्या पुढच्या कुटुंबाने काही मागण्याआधी मांसाला लागलेले हातमोजे बदलण्याची विनंती केली, आणि त्या तरुणाने रोजची गोष्ट असल्यासारखे ते बदलले. तयार चकती सुमारे 425 अंश सेल्सिअसच्या भट्टीत गेली की तीनेक मिनिटांत फुगून, कडा करपवून बाहेर येई. भिंतीवर दर एकच लिहिलेला: वर एक जिन्नस घाला की दहा घाला, पैसे तेवढेच.

या पद्धतीचा इतिहास फार जुना नाही. आपल्या डोळ्यांदेखत, आपल्या सांगण्यानुसार जिन्नस भरून घेण्याची रीत अमेरिकेत आधी सँडविचच्या दुकानांनी रुळवली आणि 1993 मध्ये डेन्व्हर येथे निघालेल्या चिपोटलेने ती मेक्सिकन पदार्थांच्या बाबतीत लोकप्रिय केली. पिझ्झ्याला ती आरंभी लागू करणाऱ्यांत 2008 मध्ये सिएटल शहरात मॉड पिझ्झा काढणारे स्कॉट आणि ॲली स्वेन्सन हे दांपत्य होते; त्यापाठोपाठ 2011 मध्ये कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे पायॉलॉजी आणि 2012 मध्ये त्याच प्रांतातील अर्व्हाइन येथे ब्लेझ पिझ्झा सुरू झाला. आर्थिक मंदीचा तो काळ होता. ठरावीक पैशांत, झटपट आणि मनाजोगते जेवण मिळावे ही गिऱ्हाइकाची निकड या उपाहारगृहांनी अचूक हेरली. आरोग्याचा मुद्दा या पद्धतीला नंतर अलगद येऊन चिकटला.

खरे म्हणजे मूळचा पिझ्झा हा काही चैनीचा पदार्थ नव्हे. नेपल्सच्या गोरगरिबांचे ते रस्त्यावरचे खाणे. तेथील पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला युनेस्कोने 2017 मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. आणि अस्सल नेपल्स पद्धतीचे जतन करण्यासाठी 1984 मध्ये स्थापन झालेली संघटना ज्या दोन प्रकारांना मुख्य मानते, त्यांपैकी मारिनारा या प्रकारात चीज मुळीच नसते. टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो आणि ऑलिव्हचे तेल एवढाच त्याचा संसार. न्यूयॉर्कमध्ये 1905 साली लोम्बार्डीच्या दुकानाने पिझ्झा विकावयास आरंभ केला, आणि त्यानंतर अमेरिकेच्या मुबलक दूधदुभत्याच्या व मांसाच्या पुरवठ्यावर पोसत पोसत तो आजच्या भरघोस रूपाला पोचला. तेव्हा काचेपलीकडील तरुणाला "चीज थोडंच घाला" म्हणून सांगणारा मनुष्य कोणताही अधर्म करीत नसून उलट जुन्या परंपरेच्या अधिक जवळ जात असतो.

आता अक्काच्या प्रश्नाकडे वळू, आणि तो प्रश्न जमाखर्चाचा असल्यामुळे वही उघडूनच वळू. अकरा इंच व्यासाच्या पिझ्झ्यासाठी 200 ग्रॅमचा गोळा धरला तर त्यात सुमारे 120 ग्रॅम मैदा असतो, आणि त्याच्या साधारण 435 कॅलरी होतात. त्यावर दोन पळ्या सॉस, म्हणजे 25 कॅलरी. मोझरेला चीज 28 ग्रॅम, म्हणजे 85. दीडशे ग्रॅम भाज्या, म्हणजे अवघ्या 40. आणि चमचाभर ऑलिव्हचे तेल, आणखी 40. एकूण बेरीज सव्वासहाशेच्या आसपास. आता तीच चकती, तोच सॉस आणि तोच दर कायम ठेवून चीज तिप्पट केले, पेपरोनी आणि सॉसेज प्रत्येकी 28 ग्रॅम घेतले आणि वरून रँच नावाच्या पांढऱ्या, तेलकट सॉसची धार सोडली, तर बेरीज एक हजार पंचाहत्तरच्या घरात जाते. हे आकडे ढोबळ खरे, परंतु त्यांतून निघणारा अर्थ ढोबळ नाही. पिझ्झ्याचा पाया कोणाच्याही हाती बदलत नाही. बदलते ते वरचे मजले, आणि त्या मजल्यांची उंची हीच काय ती गिऱ्हाइकाच्या अखत्यारातली बाब.

भाज्यांविषयी मात्र मनमोकळेपणाने उदार व्हावे. वाटीभर अळंबी, मूठभर पालक, कांदा आणि ढोबळी मिरची यांनी कॅलरींच्या खात्यात नाममात्र भर पडते आणि तंतुमय अंश मात्र भरपूर मिळतो. त्यामुळे पोट लवकर भरते. टोमॅटोला तांबडा रंग देणारे लायकोपीन हे द्रव्य शिजवल्याने आणि थोड्या तेलाच्या सोबतीने शरीरात अधिक चांगले शोषले जाते, म्हणून सॉस हाही या व्यवहारातला शिलकी रकमेचाच भाग. चीजलाही सरसकट गुन्हेगार ठरवू नये. त्याच्या 28 ग्रॅममध्ये सहा ग्रॅम प्रथिने असतात आणि कॅल्शियमही. खारवून वा धुरावून टिकवलेल्या मांसाची गोष्ट निराळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 च्या ऑक्टोबरात असे मांस कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातले. तो वर्ग पुराव्याची बळकटी दाखवितो, धोक्याचे प्रमाण दाखवीत नाही, हे खरे असले तरी ज्या ठिकाणी त्याच पैशांत भाजी मिळते तेथे तो धोका पत्करण्याचे कारण काय, हा विचार प्रत्येकाने करावा.

पण भाज्यांच्या त्या रांगेत काही बहुरूपीही बसलेले असतात. ऑलिव्ह, गोल चकत्या केलेली हालापेनो मिरची आणि तांबड्या मिरचीचे काही प्रकार हे रंगाने भाजी आणि वृत्तीने लोणचे. खारट पाण्यात दिवसेंदिवस मुरून ते त्या डब्यांत आलेले असतात. आपल्या ताटाची मांडणी करणाऱ्यांना हा भेद पक्का ठाऊक होता. मीठ, लिंबू, लोणचे, चटणी आणि कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, आणि लोणच्याला मिळावयाची जागा फोडीपुरती. कोणी लोणच्याची वाटी भरून त्याला भाजी म्हटले असते तर वाढणाऱ्या बाईने पळी तशीच हवेत धरून त्याच्याकडे पाहिले असते. काचेच्या पडद्याआड अशी डावी-उजवी बाजू नसते. सारे डबे एका ओळीत, एका उंचीचे, एका मोलाचे. प्रमाण राखण्याचे जे काम आपल्याकडे शतकानुशतकांची रूढी करीत आली, ते तेथे रांगेत उभ्या असलेल्या, भुकेल्या आणि मागच्या माणसाच्या घाईने थोड्या ओशाळलेल्या गिऱ्हाइकाने अर्ध्या मिनिटात उरकावयाचे असते.

त्यातच तो एकच दर. दहा जिन्नस घेतले काय आणि दोन घेतले काय, पैसे तेवढेच, हे कळल्यावर पैसे वसूल करण्याची आपली उपजत वृत्ती जागी होते आणि जो अखत्यार संयमासाठी वापरावयाचा तो साठेबाजीसाठी वापरला जातो. आकारमानही असेच चकवते. काही ठिकाणी अकरा इंचीबरोबर सहा इंची छोटा पिझ्झाही मिळतो. ऐकताना तो निम्म्याहून मोठा वाटतो, परंतु वर्तुळाचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे अकरा इंचीचे क्षेत्रफळ 95 चौरस इंच, तर सहा इंचीचे जेमतेम 28, म्हणजे तीन दशांशाहूनही किंचित कमी भरते. शाळेत भूमिती शिकताना आपण गुरुजींना "याचा उपयोग काय?" असे विचारीत होतो, त्याचे उत्तर असे पिझ्झ्याच्या दुकानात मिळावे, हा योग विलक्षणच.

फ्लॉवरचा आणि ग्लुटेनविरहित असे जे निराळे बेस तेथे मिळतात, त्यांच्याविषयीही थोडा विवेक हवा. फ्लॉवरचा बेस नुसत्या फ्लॉवरचा क्वचितच असतो. तो सुटू नये म्हणून त्यात चीज, अंडे किंवा कसले तरी पिठूळ सत्त्व घालावे लागते. ग्लुटेनविरहित बेस हा ज्यांना गहू सोसत नाही त्यांच्यासाठी. त्यात बहुधा तांदळाचे पीठ आणि बटाट्याचे वा टॅपिओकाचे सत्त्व असते, आणि एरव्ही धडधाकट माणसाला त्यापासून काही विशेष लाभ होतो असे नाही. नावावर भरवसा ठेवण्यापेक्षा फलकावरचा आकडा वाचावा. 2018 च्या मे महिन्यापासून अमेरिकेत असा कायदाच अमलात आला आहे की, एकाच नावाने वीस किंवा त्याहून अधिक ठिकाणी चालणाऱ्या उपाहारगृहांनी आपल्या पदार्थांच्या कॅलरी दरपत्रकावर जाहीर केल्या पाहिजेत.

आमची पाळी आली तेव्हा अक्काने भाचीला पुढे केले. "त्याला म्हणावं, मीठ कमी घाल." भाचीने निरोप पोचविला. तो तरुण अदबीने म्हणाला की, वरून मी मीठ घालतच नाही. ते आधीच पिठात मळलेले असते. येथेच सगळ्या मुखत्यारीची हद्द आमच्या ध्यानात आली. पिझ्झ्याच्या पिठात मैद्याच्या साधारण दोन टक्के मीठ पडते, म्हणजे 120 ग्रॅम मैद्यात सुमारे अडीच ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला दिवसाकाठी पाच ग्रॅमहून कमी मीठ खाण्याचा सल्ला दिला असताना त्यातले जवळजवळ निम्मे चकतीतच संपते, आणि सॉस व चीज यांचे आणखी वेगळे. तुम्ही काय घालावे हे तुम्हाला विचारले जाते. काय आधीच घातलेले आहे, ते विचारावयाचे काम तुमचे.

अक्का क्षणभर थांबली. मग तिने बोट दाखवीत दाखवीत अगदी ताट वाढावे तसा तो पिझ्झा वाढून घेतला: सॉस पुरता, चीज चिमूटभर, पालक दोनदा, अळंबी, कांदा, भरपूर लसूण, ऑलिव्हच्या डब्यापाशी आल्यावर बोटाने एक, दोन, तीन असे मोजून तिने हात मागे घेतला. "आणि त्याला म्हणावं, एक रिकामं खोकं दे." भट्टीतून पिझ्झा आल्याबरोबर, पहिला घास घेण्याआधीच, तिने त्याचे बरोबर दोन भाग केले आणि एक खोक्यात ठेवून झाकण लावून टाकले. दुसऱ्या दिवशी दुपारी भाची कामावर गेल्यावर तो उरलेला अर्धा तिने तव्यावर झाकण ठेवून गरम केला, शेजारी बिनमिठाची काकडीची कोशिंबीर वाढून घेतली, आणि जेवता जेवता मला म्हणाली, "काल तिला उत्तर द्यायचं राहिलंच बघ. हेल्दी होता हो, पण अर्धाच."