बैठा तपास

रहस्यकथा वाचणाऱ्याला आपण गुप्तहेराच्या बरोबरीने तपास करीत आहोत असा भास कितीही होत असला, तरी कोणत्या इसमाची जबानी केव्हा घ्यावयाची, कोणते दफ्तर उघडावयाचे आणि मुख्य म्हणजे तपास कोठे थांबवावयाचा, हे सारे लेखकाने आधीच ठरवून ठेवलेले असते, आणि वाचकाच्या हाती पान उलटण्यापलीकडे काही उरत नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारबरोबर रात्री जागवलेल्या मराठी वाचकाला हे परावलंबित्व कधी जाचले नसेल, कारण त्या कथांच्या वेगात थांबून विचार करण्यास सवडच नसे. परंतु ही सवड वाचकाला द्यावी, किंबहुना कथेची सूत्रे लेखकाच्या हातून काढून चार मित्रांच्या हाती सोपवावीत, ही कल्पना १९८१ साली अमेरिकेत निघालेल्या एका बैठ्या खेळात मूर्त झाली. ‘शेरलॉक होम्स कन्सल्टिंग डिटेक्टिव्ह’ हे त्याचे नाव. गॅरी ग्रेडी, सुझॅन गोल्डबर्ग आणि रेमंड एडवर्ड्स हे त्याचे कर्ते. चार वर्षांनी, १९८५ साली, ‘श्पील देस यारेस’ हा जर्मनीतील खेळांचा मानाचा वार्षिक पुरस्कार त्याला मिळाला.

खुनाचा खेळ करण्याची हौस इंग्रजांना त्यापूर्वीही होतीच. डेनिस व्हीटली याने १९३६ साली ‘मर्डर ऑफ मायामी’ या नावाने कादंबरीऐवजी पोलिसांची फाईलच छापून काढली. तीत तारा, पत्रे, छायाचित्रे यांबरोबर प्रत्यक्ष मुद्देमालाचे नमुनेही घातले होते आणि उत्तराची पाने मोहोरबंद ठेवली होती. बर्मिंगहॅमच्या अँथनी प्रॅट याचा ‘क्लुडो’ १९४९ साली बाजारात आला आणि घरोघरी पोहोचला. मात्र पहिल्यात वाचकाला स्वतःची वाट निवडता येत नव्हती. आणि दुसऱ्यात खुनी, हत्यार व खोली ही केवळ पत्त्यांवरची नावे असल्यामुळे खुनाचा हेतू काय, हा जो तपासाचा गाभा, त्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. शिवाय तेथे प्रत्येक खेळाडू दुसऱ्याचा प्रतिस्पर्धी.

होम्सच्या या खेळात मात्र फासे नाहीत, सोंगट्या नाहीत. पेटी उघडली की निघतो तो व्हिक्टोरिया राणीच्या काळातील लंडनचा नकाशा, ज्यावर इमारतींना विभागवार क्रमांक दिलेले आहेत. शहरातील व्यक्तींची व संस्थांची पत्त्यांसह नामावली. प्रत्येक प्रकरणाची स्वतंत्र पुस्तिका. आणि त्या त्या दिवशीचा ‘टाइम्स’चा अंक. खेळणाऱ्यांची भूमिका होम्सची नव्हे. कॉनन डॉइलने १८८७ च्या पहिल्याच होम्सकथेत विगिन्स नावाच्या पोराची आणि त्याच्या फाटक्या साथीदारांची जी टोळी आणली, जिला होम्स दिवसाला प्रत्येकी एक शिलिंग देत असे, त्या टोळीत आपली भरती होते. प्रकरणाची सुरुवात बहुधा बेकर स्ट्रीटवरील होम्सच्या खोलीत होते. कोणी अशील येतो, फिर्याद सांगतो, आणि त्यानंतर आपल्याला सारे शहर मोकळे असते.

मोकळे याचा अर्थ अक्षरशः मोकळे. मयताच्या भागीदाराकडे जावेसे वाटले तर नामावलीत त्याचे नाव काढावे, पत्त्याचा क्रमांक पाहावा, पुस्तिकेत त्या क्रमांकाखाली काही मजकूर असल्यास तो मोठ्याने वाचावा. मजकूर नसेल तर ती खेप फुकट गेली असे समजून मुकाट्याने परतावे. याखेरीज काही ठिकाणे कोणत्याही प्रकरणात ठोठावण्याजोगी असतात : स्कॉटलंड यार्डात लेस्ट्रेड, सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात शवचिकित्सेचा अहवाल, मृत्युपत्रांसाठी सॉमरसेट हाउस, उच्चभ्रू वर्तुळातील कुजबुजीसाठी लँगडेल पाइक आणि चोराचिलटांच्या खबरीसाठी पोर्की शिनवेल. यांतील शेवटचे दोघेही कॉनन डॉइलच्याच कथांतून येथे आले आहेत, आणि होम्सकथांच्या भक्ताला ही नावे भेटताच जो सूक्ष्म आनंद होतो तो गुणपत्रकात कोठेही धरला जात नाही.

माझ्या मते या पेटीतील सर्वांत नामी वस्तू म्हणजे ते वर्तमानपत्र. बातम्या, जाहिराती, हरवल्या-सापडल्याच्या सूचना, मृत्युवार्ता अशा दाटीवाटीच्या मजकुरात कामाची एखादीच ओळ दडलेली असते, आणि ती कामाची आहे हे चार जबान्या झाल्यावाचून कळण्याचा मार्ग नसतो. त्यातही खुबी अशी की, पुढच्या प्रकरणातील दुवा मागील तारखेच्या अंकात असू शकतो. त्यामुळे जुने अंक रद्दीत न टाकता तारीखवार लावून ठेवणारा, एरवी ज्याची आपण थट्टा करतो तो कारकुनी वृत्तीचा मित्र, येथे अकस्मात मोलाचा होऊन बसतो.

मित्रांच्या स्वभावाची जी ओळख वर्षानुवर्षांच्या गप्पांत होत नाही ती या बैठकीत एका संध्याकाळी होते. नियमानुसार कोठे जावयाचे यावर सर्वांनी बोलावे, परंतु अखेरचा निर्णय ज्याची पाळी असेल त्याने द्यावा, आणि पाळी फिरत राहावी. ही तरतूद वरवर शिष्टाचाराची वाटते, पण तिच्यावाचून खेळ चालणार नाही. कारण प्रत्येक कंपूत पहिल्या पाच मिनिटांत खुनी ओळखणारा एक पंडित असतोच, आणि त्याचा आवाजही नेमका इतरांपेक्षा मोठा असतो. त्याने विधवेवर संशय घेतला की पुढची प्रत्येक जबानी विधवेच्या विरुद्ध वाचली जाते, आणि कोपऱ्यात बसून टिपणे घेणाऱ्या अबोल मित्राने मांडलेली शंका चहाच्या पेल्यांच्या आवाजात विरून जाते. पाळी त्या अबोल मित्राकडे आली की मगच तपासाची दिशा बदलते.

तथापि या खेळाचे खरे कसब याहून निराळे आहे, आणि ते म्हणजे पुरे म्हणण्याचे. किती ठिकाणी जावे यावर मर्यादा नाही. आता आपल्याला उत्तर सापडले, असे मंडळींनी स्वतः जाहीर करावयाचे आणि मगच शेवटची प्रश्नपत्रिका उघडावयाची. तिच्यात मुख्य गुन्ह्याविषयी प्रश्न असतात, तसेच आडवाटेने आढळलेल्या भानगडींविषयीही असतात. नंतर होम्स स्वतः उलगडा करतो. त्याचे गुण नेहमी शंभर. त्याच्यापेक्षा जितकी ठिकाणे तुम्ही जास्त हिंडलात, तितक्या प्रत्येक खेपेपोटी पाच गुण वजा होतात. म्हणजे एकीकडे आणखी एका साक्षीदाराला विचारल्याने शंका फिटेल हा मोह, आणि दुसरीकडे त्या चौकशीची किंमत. पुस्तकातील गुप्तहेराला ही चिंता नसते. पाने संपत आली की त्याला सत्य गवसतेच. येथे मात्र ‘एवढ्या पुराव्यावर आरोप ठेवता येईल काय?’ हा प्रत्यक्ष फौजदारापुढे असणारा प्रश्न चार सामान्य माणसांपुढे उभा राहतो, आणि त्यावर जो वाद होतो तो खुनी कोण यावरच्या वादापेक्षा कितीतरी अधिक सकस असतो.

होम्सशी होणारी तुलना मात्र बहुतेकांना अन्यायाची वाटते, आणि ती तक्रार बिनबुडाची नाही. तुम्ही पंधरा-वीस दारे ठोठावून जे जमवता ते हा गृहस्थ चार-पाच खेपांत उरकतो, आणि त्याचे एखादे अनुमान इतकी लांब उडी मारणारे असते की कोणत्याही न्यायासनापुढे ते क्षणभर टिकू नये. म्हणून अनुभवी मंडळी गुणांचा हिशेब गंभीरपणे करीत नाहीत. त्याचा उलगडा वाचून त्यालाच उलटतपासणीस उभे करणे हा त्यांच्या लेखी खेळाचा उत्तरार्ध असतो, आणि तो कित्येकदा पूर्वार्धापेक्षा जास्त रंगतो.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. पेटीवर आठ माणसांपर्यंत खेळता येते असे म्हटलेले असले तरी तीन-चारजण उत्तम. त्याहून अधिक झाले की तपासाची सभा होते. मूळ पेटीत दहा प्रकरणे होती, पुढे इतर प्रकरणांच्या पेट्याही निघाल्या. पण उकललेले प्रकरण पुन्हा खेळण्यात अर्थ उरत नाही, म्हणून पेटी संपली की ती दुसऱ्या घरी द्यावी. तेथे बैठकीस स्वतः जाऊ नये. गेल्यास मजकूर वाचून दाखवण्याचे काम अंगावर घेऊ नये, कारण खुन्याचे नाव आले की जाणत्याचा आवाज हमखास जरा जास्तच निर्विकार होतो, आणि ऐकणारे मित्र असले तर तेवढ्यावरून त्याला पकडतात.