फडका पोचत नाही तिथे बघा

गिऱ्हाईक येणार म्हटलं की जुन्या गाड्यांच्या यार्डात सकाळपासून लगबग असते. एक पोरगा इंजिन धुऊन त्यावर चकाकीचा स्प्रे मारतो, दुसरा डॅशबोर्ड पॉलिश करतो, टायर काळेभोर होतात, आरशाला अत्तराची बाटली लटकते. खरेदीदारांच्या वतीने गाड्या तपासायचं काम मी पुण्यात बरीच वर्षं करतोय. वरून कीर्तन, आतून तमाशा असा हा बाजार. त्यामुळे फडका फिरलाय तिथे मी बघतच नाही, पोचत नाही तिथे बघतो.

डॉक्टरांची गाडी

या बाजारात ‘डॉक्टरांच्या’ गाड्या फार. हडपसरच्या एका यार्डात अशीच एक हॅचबॅक दाखवली. मीटरवर 42 हजार किलोमीटर. “साहेब, घर ते दवाखाना, बस्स. बाकी गाडी उभीच.”

मी वाकून पेडल बघितले. ब्रेक आणि क्लचचं रबर झिजून गुळगुळीत. मीटर मागे घ्यायला एक लॅपटॉप पुरतो, पण रबर मागे घेता येत नाही. जुन्या गाडीत पेडलचं रबर कोरं करकरीत दिसलं तरी शंका घ्यावी.

मग टायर. त्यांच्या बाजूला एका चौकटीत चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालातला 23वा आठवडा. ही गाडी 2017ची, स्टेपनीही 2017ची, पण चारही टायर 2021चे आणि तेही पार घासलेले. एवढ्याशा रनिंगमध्ये टायरचे दोन संच संपले? मी विचारलं, “शेठ, डॉक्टर व्हिजिटला नागपूरला जायचे का?” शेठ हसले आणि त्यांनी चहा मागवला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली जुनी नोंद मागितल्यावर मात्र चहा यायच्या आत दुसरी गाडी दाखवायला घेतली.

पुरात बुडालेली

26 जुलै 2005ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. पुढे 2019ला कोल्हापूर-सांगली, 2021ला चिपळूण. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा रकमेच्या 75 टक्क्यांवर गेला की विमा कंपनी ‘टोटल लॉस’ धरते. मालकाला पैसे मिळतात, गाडी लिलावात जाते. तिथून ती कुणीतरी उचलतो, सुकवतो, सजवतो आणि दूरच्या जिल्ह्यात विकतो.

अशा गाडीचा सीट बेल्ट मी शेवटपर्यंत ओढतो. रोज वापरात येणारा भाग धुतलेला असतो. एकदा गुंडाळ्यातला शेवटचा हातभर पट्टा बाहेर आला तर त्यावर तांबूस चिखलाची सरळ रेघ! पाणी कुठवर चढलं होतं, ते पट्ट्यानेच सांगितलं. मग सीटखालचे रूळ बघितले, तर गंजलेले. अत्तर एवढं का मारलं होतं, तेही कळलं.

मालक “गाडीला साधा ओरखडा नाही” म्हणाला तर विम्याची जुनी पॉलिसी मागायची. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस 50 टक्क्यांवर जातो. तिथे शून्य असेल तर एक तर क्लेम झालाय, नाही तर विमा मध्येच तुटलाय. दोन्हीचं उत्तर त्याने द्यायला हवं.

आधीच गरम केलेली

ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी जायचं, ही माझी जुनी खोड. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर गाडी आधीच चालू करून ठेवली होती. कारण इंजिनाचं दुखणं ते थंड असतानाच बाहेर येतं: पहिल्या स्टार्टला निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, डिझेल गाडीने दोनतीनदा आढेवेढे घेतले म्हणजे खर्च वाट बघतोय. अशा वेळी भांडायचं नाही. “उद्या सकाळी येतो, तोवर हात लावू नका” म्हणायचं.

सही केली, विसरले

फसतो तो विकणाराही. साताऱ्याच्या एका निवृत्त गुरुजींनी फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून गाडी एजंटाला दिली, पैसे घेतले, निश्चिंत झाले. गाडी कागदावर त्यांच्याच नावाने महिनोन्‌महिने फिरली आणि ई-चलनं मात्र गुरुजींच्या मोबाइलवर. यात अपघात झाला असता तर? सर्वोच्च न्यायालयाने 2018मध्ये स्पष्टच सांगितलं की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याची. विक्री राज्यातल्या राज्यात असेल तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. एप्रिल 2023पासून अधिकृत डीलरकडे गाडी सोपवल्याचीही नोंद करता येते.

घेणाऱ्याने आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते बघावं. असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. चेसी नंबर आरसीवर वाचून भागत नाही, गाडीवर कोरलेल्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळवावा. थकलेली चलनंही विकणाऱ्याकडून आधी भरून घ्यावीत. आणि दिल्ली पासिंगची डिझेल गाडी स्वस्त मिळाली तर हुरळून जाऊ नये: तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आहेत, म्हणून ती इकडे आलीय. इथे तिला पुन्हा नोंदणी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स लागणार, तो धरून हिशोब करावा.

एवढं सगळं जमत नसेल तर एकच प्रश्न विचारा: “गाडी तासभर माझ्या मिस्त्रीकडे नेऊ का?” जो नाही म्हणेल त्याचे आभार मानून निघा. मिस्त्रीची फी त्यानेच वाचवली.