टायरचा गेज: दशांश म्हणजे अचूकपणा नव्हे

पेट्रोल पंपावर हवा फुकट भरून मिळते, मग गेज विकत कशाला घ्यायचा, हा गाडीवाल्यांचा जुना प्रश्न. अलीकडे त्याला जोर चढला आहे, कारण बऱ्याच पंपांवर आता आकडा लावला की हवा आपोआप भरून बीप वाजवणारं मशीन असतं. ते मशीन अगदी काटेकोर आहे असं धरून चालू. तरीही अडचण संपत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर जो दाब छापलेला असतो, समजा ३३ पीएसआय, तो थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असलेली. (टायरच्या बाजूवर कोरलेला मोठा आकडा वेगळा. तो टायरची कमाल मर्यादा सांगतो. तेवढी हवा भरायची नसते.) पंपापर्यंत पाच-सात किलोमीटर जाईस्तोवर टायर दबत-उसळत तापतो आणि आतली हवा प्रसरण पावते. तापमान दहा अंश सेल्सियसने वाढलं की या दाबाला साधारण दीड पीएसआयची वाढ होते. पंपावर ३३ भरून निघालेली गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी दारात ३० वर उभी असते, आणि यात मशीनची काहीच चूक नसते. स्वतःचा गेज हवा तो यासाठी. तो पंपावरच्यापेक्षा भारी असतो म्हणून नव्हे, तर सकाळी गाडी हलवण्याआधी हाताशी असतो म्हणून.

इथेच दुसरा एक समज आडवा येतो, आणि तो खरोखर घातक आहे. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा दोन-चार पीएसआय कमीच ठेवावी, असं आजही सर्रास सांगितलं जातं. घडतं नेमकं उलट. हवा कमी असली की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतात, त्या वाकण्यातूनच उष्णता तयार होते, आणि आतले थर एकमेकांपासून सुटायला लागतात. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर ताशी १२० च्या वेगाने तासन्‌तास धावणाऱ्या गाडीला ही उष्णता बाहेर टाकायला उसंतच मिळत नाही. धावल्यावर दाब वाढणार हे धरूनच पट्टीवरचा आकडा ठरवलेला असतो. म्हणून तापलेल्या टायरमधली ‘जास्तीची’ हवा सोडणं म्हणजे थंड टायर मुद्दाम कमी हवेवर ठेवणं. नायट्रोजन भरला तरी हे गणित बदलत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि तापल्यावर दोन्ही सारखेच प्रसरण पावतात.

आता गेज कोणता घ्यावा. दुकानात बहुतेकांचं लक्ष दोन गोष्टींकडे जातं: किंमत आणि डिजिटल आकडे. बघायला हवी तबकडीची मर्यादा, म्हणजे काटा शेवटी कुठपर्यंत जातो ते. काट्याच्या गेजमध्ये पितळेची चपटी, वाकवलेली नळी असते. फ्रान्सच्या यूजीन बूर्दाँने १८४९ मध्ये तिचं पेटंट घेतलं. जत्रेतली गुंडाळलेली कागदी पुंगी फुंकल्यावर जशी उलगडते, तशी ही नळी दाबाने किंचित सरळ होते, आणि ती हालचाल बारीक दात्यांमधून काट्यापर्यंत पोचते. अशा गेजची चूक पूर्ण मापाच्या टक्क्यांत मोजतात, समोर दिसणाऱ्या आकड्याच्या नव्हे. पाकिटावर ‘एएनएसआय बी ४०.१, ग्रेड बी’ असं छापलेलं असेल, तर त्याचा अर्थ असा: मापाच्या मधल्या अर्ध्या भागात पूर्ण मापाच्या २ टक्के, आणि दोन्ही कडांच्या पाव-पाव भागांत ३ टक्के चूक चालते. हिशेब करून पाहा. ६० पीएसआयच्या तबकडीवर ३३ हा आकडा मधल्या भागात येतो, म्हणजे चूक फार तर १.२. गॅरेजमधल्या हवेच्या गनवर असते तशा २२० पीएसआयच्या तबकडीवर तोच ३३ तळाच्या पाव भागात जातो आणि चूक होते ६.६. दर्जा तोच, पण दुसरा गेज मोटारीसाठी निरुपयोगी. कायदेशीर मापनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे ओआयएमएलने, टायरच्या गेजला ४ बारपर्यंत ०.०८ बारची मुभा दिली आहे. ते होतात जवळपास १.२ पीएसआय. साधा ६० चा चांगला गेज या कसोटीला उतरू शकतो.

डिजिटलवर माझा राग नाही. त्यात दाबाने वाकणारा सिलिकॉनचा सेन्सर असतो, हलणारे दाते नसतात, अंधारात आकडा दिसतो, आणि चांगल्या कंपनीचा असेल तर काट्याच्या गेजपेक्षा सरस ठरतो. पण ३२.७ असा आकडा दिसतो म्हणून तो ३२.७ इतका खरा असतो, हा निष्कर्ष चुकीचा. किती बारीक दाखवतो आणि किती बरोबर दाखवतो, हे दोन वेगळे गुण आहेत. पहिला गुण स्वस्तात मिळतो. पाकिटावर ‘अधिक-उणे १ पीएसआय’ किंवा ‘१ टक्का’ असं काहीच लिहिलेलं नसेल, तर त्या दशांशाला अर्थ नाही.

यावर कुणी म्हणेल, एक-दोन पीएसआयने असं काय होतं? एकट्याने फारसं होत नाही, हे मान्य. पण या चुका एकट्या येत नाहीत आणि बहुधा एकाच दिशेने येतात. पंपावर ३३ दिसले. मशीन दोन जास्त दाखवतं, म्हणजे खरे ३१. टायर गरम होता, थंड झाल्यावर २८. महिनाभरात एक-दोन पीएसआय आपोआप झिरपतात, म्हणजे २६-२७. गाडीत इशारा देणारा दिवा आहे, असं उत्तर मिळतं. पण अमेरिकेच्या नियमाप्रमाणे तो दिवा हवा २५ टक्के घटल्यावर लागायला हवा, म्हणजे ३३ च्या गाडीत २५ च्या खाली गेल्यावर. आपला टायर २६ वर धावतोय आणि दिवा विझलेला. डोळ्यांवरही भरवसा नको. रेडियल टायर पुऱ्या हवेतही बुडाशी थोडा फुगलेलाच दिसतो, त्यामुळे २६ आणि ३३ मधला फरक नुसतं बघून किंवा लाथ मारून कळत नाही.

गेज घेतल्यावर तो पारखायची सोपी रीत आहे. थंड टायरवर लागोपाठ तीनदा लावा. व्हॉल्व्हवर तिरका बसला की ‘फुस्स’ असा आवाज येत राहतो आणि आकडा कमी येतो, ते माप धरू नका. सरळ दाबला की आवाज लगेच तुटतो. तिन्ही वेळा आकडा अर्ध्या पीएसआयच्या आत आला, तर गेज कामाचा. नेहमी एकने कमी दाखवणारा गेजही चालतो, कारण ती चूक एकदा कळली की आकड्यात एक मिळवता येतो. दर वेळी वेगळं सांगणारा मात्र कितीही महाग असला तरी परत करावा. कॅलिब्रेशन केलेलं उपकरण ठेवणाऱ्या टायरच्या दुकानात वर्षातून एकदा ताडून घ्यावा, आणि काट्याचा गेज हातातून पडला तर लगेच. पडल्यावरही काटा शून्यावरच उभा असतो म्हणून गेज ठीक आहे, असं समजू नये. शून्यावर बरोबर असलेला गेज ३३ वर बरोबर असेलच असं नाही. हवा थोडी सोडण्याचं बटण असलेला घेतला तर सोय होते. रबरी कव्हर तर हवंच.

एक अपवाद स्टेपनीचा. काही गाड्यांमध्ये ती बारीक, तात्पुरत्या वापराची असते आणि तिला ६० पीएसआय लागतात. ६० च्या तबकडीवर काटा तिथे टोकालाच जाऊन टेकतो. अशा गाडीसाठी १०० ची तबकडी घ्यावी आणि चारही टायरांच्या मापात २ पीएसआयची चूक धरून चालावं, नाहीतर अचूकता लिहिलेला डिजिटल गेज घ्यावा. कोणताही घेतला तरी महिन्याच्या तपासणीत डिकी उघडून पाचवं चाकही मोजायचं.