शर्यतीच्या मोटारीचे शिक्षण : गहाणखताआधी दोन शब्द



मागल्या पंधरवड्यात गट ऑफिसात ऊसबिलाची चौकशी करायला आलेले एक सभासद मला बाजूला घेऊन म्हणाले, "फोरमनसाहेब, आमच्या थोरल्याला शर्यतीच्या मोटारीचं इंजिनिअरिंग शिकायचंय, तेबी विलायतेत. विहिरीकडचं दोन एकर गहाण टाकावं म्हणतोय. ह्यात पोट भरंल का?" मुलगा मागे मुकाट उभा होता. उभ्या उभ्या सल्ला देणे जोखमीचे वाटले. माझा पुतण्या इथेच ऑटोमोबाईलच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याला खोदून विचारले. जे कळले ते सर्वांच्याच कामी येईल म्हणून लिहीत आहे.

पहिली गोष्ट, ह्या पदवीत गाडी पळवायला शिकवत नाहीत. सुरुवातीची दोन वर्षे बहुतेक मेकॅनिकलचीच : गणित, धातूंची ताकद, उष्णता. पुढे इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन, टायर. उसाची चढती भरलेली ट्रॉली वळणावर का कलंडते, हे आपण हंगामात डोळ्यांनी बघतो. भार उंचावर गेला की वळताना तो बाहेरच्या चाकावर लोटतो. शर्यतीच्या मोटारीचे गणितही हेच. फक्त तिथे टायर जमिनीला तळहाताएवढा टेकतो आणि त्या तेवढ्या जागेवर सगळी करामत करायची असते.

मग विलायतच का? तिथे सिल्व्हरस्टोनच्या आसपास, ब्रॅकली, मिल्टन कीन्स, ग्रोव्ह अशा गावांत फॉर्म्युला वनच्या संघांचे कारखाने आहेत. म्हणून जवळच्या ऑक्सफर्ड ब्रुक्स विद्यापीठात मोटरस्पोर्टची पदवी आहे. आपल्याकडे साखरेचे शिक्षण मांजरीला मिळते, तसेच हे. मात्र परदेशी मुलाला तिथली फी वर्षाला पंधरा लाख रुपयांच्या पुढे पडते, राहणे-खाणे वेगळे. आणि शर्यतीच्या संघांत नोकऱ्या मोजक्या, मागणारे जगभरचे.

पण पुतण्याने सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडली. 1981 साली अमेरिकेत टेक्सासला विद्यार्थ्यांची एक स्पर्धा सुरू झाली; 1998 पासून ती इंग्लंडातही होते. मुलांनी एकजागी छोटी शर्यतगाडी स्वतः बांधायची. एकूण गुण 1000. त्यातले 325 गाडी न हलवताच मिळतात : आराखडा परीक्षकांपुढे पटवून द्यायचा, प्रत्येक भागाच्या खर्चाचा हिशेब मांडायचा, धंदा कसा चालेल ते सांगायचे. 22 किलोमीटरच्या लांब पल्ल्याच्या धावेला 275. पुतण्याच्या टोळीची गाडी धावली झकास, पण नटबोल्टांचा हिशेब अपुरा म्हणून गुण गेले! (आमच्या स्टोअरकीपरांना हे सांगितले, तर ते दोन दिवस खुशीत होते.) अशा स्पर्धा आपल्याकडेही भरतात, कोईमतूरच्या करी ट्रॅकवर, आणि खडबडीत रानातल्या गाड्यांची 2007 पासून इंदूरजवळ पिथमपूरला.

त्या अमेरिकी स्पर्धेच्या नियमांत आपल्या डिस्टिलरीचीही गोष्ट आहे. इंजिन 710 सीसीपर्यंत, आणि त्यात जाणारी सगळी हवा एका भोकातून गेली पाहिजे. पेट्रोलच्या गाडीला ते भोक 20 मिलिमीटरचे. 85 टक्के इथेनॉलच्या इंधनावर चालवाल तर 19 चे. म्हणजे इथेनॉलवाल्याची हवा मुद्दाम कमी केली! कारण इथेनॉल वाफ होताना आतली हवा थंड करते, इंजिनात नॉकिंग होऊ देत नाही, त्यामुळे दाब वाढवता येतो. उलट बाजूही आहे : लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच, म्हणून इंधन जास्त लागते. पंपावरच्या पेट्रोलमध्ये 2025 पासून 20 टक्के इथेनॉल येऊ लागले. त्याला साजेसे इंजिन जुळवणारे हात लागणारच.

सभासदांना मी माझे मत सांगितले. पदवी इथेच करू द्या. बारावी आणि सीईटीवर, किंवा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला. कॉलेज निवडताना अशी गाडी बांधणारी टोळी तिथे आहे का, हे आधी विचारा. गाड्यांच्या चाचण्यांचे काम करणारी एआरएआय पुण्यात 1966 पासून आहे, चाकणला मोटारींचे कारखाने आहेत. चार वर्षांनी हौस टिकली, तर क्रॅनफिल्डला मोटरस्पोर्टचा एका वर्षाचा एम.एससी. आहे. खर्च एकाच वर्षाचा.

वडिलांना पटले. मुलाचे तोंड मात्र जरा उतरलेलेच होते. जाताना त्याने एवढेच विचारले, "काका, डिस्टिलरी आतनं बघायला मिळंल?" सोमवारी सकाळी दहाला गेटवर ये, म्हणालो.