गाडी छोटी, फळी भक्कम

आज बोलायचंय खेळण्यातल्या रेल्वेबद्दल. खरं तर तिच्या खालच्या फळीबद्दल.

मी कुर्ल्याहून बोलतेय. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेवरची गाडी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून निघाली, ती आमच्या कुर्ल्यापर्यंत आली. इथल्या पोरांना गाडीचं वेड नसलं तरच नवल. पुण्याला कोथरूडमध्ये जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथे आख्खं गाव मांडलंय आणि त्यातून गाड्या धावतात. पण दहा बाय बाराच्या खोलीत रूळ कुठे मांडणार? जमिनीवर मांडले तर रात्री अंथरूण कुठे घालायचं? म्हणून भिंतीवर फळी मारायची. तुमच्या अंगणवाडीत, शाळेत अशी गाडी करायची असेल किंवा गटाच्या मसाल्याच्या बरण्या ठेवायच्या असतील, तरी नियम हेच. फळीखाली लेकरं बसतात, झोपतात. ती कधीच खाली येता कामा नये.

आधी माप बघू. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच गाड्या 'एचओ' मापाच्या असतात, म्हणजे खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढ्या. दोन रुळांत अंतर साडेसोळा मिलिमीटर. अशी गाडी गोल फिरवायची तर साधारण चार फूट रुंद जागा लागते. तेवढी रुंद फळी भिंतीवर मारू नका. एक फूट रुंद फळी घ्या आणि गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊ-येऊ द्या. आमच्या कुर्ला लोकलही अशाच परत फिरतात!

आता भिंत. बोटाने ठोकून बघा. पोकळ, भुसभुशीत आवाज आला तर तिथे नुसता गिलावा सुटलाय. स्क्रू गिलाव्यात नाही, आतल्या विटेत रुतला पाहिजे. त्यासाठी ड्रिलने भोक पाडून आत प्लग बसवायचा आणि मग स्क्रू पिळायचा. स्विचच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नका, आत वायर असू शकते. भिंत मातीची किंवा कुडाची असेल तर तिच्यावर भार टाकूच नका. फळीला जमिनीपर्यंत लाकडी पाय द्या, भिंतीला फक्त टेकवा.

खरी ताकद असते ती फळीखालच्या ब्रॅकेटमध्ये. एक हिशेब सांगते. फळी एक फूट रुंद आहे आणि तिच्या बाहेरच्या कडेला दहा किलो वजन आहे. ब्रॅकेटचा भिंतीला लागलेला उभा पाय एक फूट असेल, तर वरचा स्क्रू साधारण दहा किलोच्या जोराने बाहेर ओढला जातो. उभा पाय सहाच इंच असेल, तर तोच जोर वीस किलो होतो. म्हणून ब्रॅकेट घेताना उभा पाय लांब बघा आणि मध्ये तिरपा आधार असलेलाच घ्या. त्रिकोण वाकत नाही.

दोन ब्रॅकेटमध्ये दीड फुटापेक्षा जास्त अंतर नको. मधोमध तेवढंच वजन ठेवलं आणि अंतर दुप्पट केलं, तर फळी दुप्पट नाही, आठपट वाकते. जाड प्लायवूड महाग पडतं. त्याऐवजी बारा मिलिमीटरचं घ्या आणि खालून दोन्ही लांब कडांना दोन इंची लाकडी पट्टी उभी मारा. शाळेतली फूटपट्टी हातात घ्या. आडवी धरली तर लवते, उभी धरली तर लवत नाही. तेच इथे. पुढची पट्टी फळीच्या वर दोन बोटं येऊ द्या, म्हणजे गाडी घसरून खाली पडणार नाही.

पावसाळ्यात भिंतीला ओल येते. फळी आणि भिंत यात अर्धा इंच फट ठेवा, फळीला खालून-वरून आणि कापलेल्या कडांनाही रंग द्या. वाळवीवर लक्ष ठेवा.

फळी समपातळीत हवी. चढ असेल तर डबे घसरतात, इंजिन अडतं. पाणसळ नसेल तर पारदर्शक नळीत पाणी भरा, दोन टोकं दोन ठिकाणी धरा. दोन्हीकडे पाणी ज्या उंचीला थांबेल तिथे खूण करा. शेवटी फळीवर गोटी ठेवा. ती जागेवर राहिली की काम बरोबर.

रूळ लावण्याआधी परीक्षा घ्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. फळीवर पाण्याचे कॅन ठेवा आणि गाडी-सामानाच्या वजनाच्या दुप्पट भार होईपर्यंत भरत जा. एक रात्र तसंच ठेवा, खाली कुणाला झोपू देऊ नका. सकाळी स्क्रूभोवती बघा. गिलाव्याला तडा दिसला, ब्रॅकेट भिंतीपासून केसभर जरी सुटलं, तरी जागा बदला.

आणि एक. गाडी चालते बारा व्होल्टवर, पण तिचा अ‍ॅडॅप्टर घरातल्या विजेवर लागतो. तो पोरांच्या हाताला लागेल असा लोंबता ठेवू नका.

ड्रिल चालवणं पुरुषांचं काम असं म्हणतात. शिलाई मशीन चालवणाऱ्या हाताला ते जड नाही. डोळ्याला चष्मा लावा, पदर खोचा, केस बांधा. गटात एकीने शिकून घेतलं तर वाडीतल्या सगळ्या फळ्या पक्क्या होतील. आज घरी गेल्यावर आधी डोक्यावरची जुनी फळी हलवून बघा.