कामावर मोटारसायकल चार्ज करताय? आधी विचारा!

विजेवर चालणाऱ्या बऱ्याच मोटारसायकलींची बॅटरी साध्या तीन पिनांच्या प्लगवर चार्ज होते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचे लक्ष मग साहजिकच कामावरच्या प्लगकडे जाते. खर्च तो कितीसा? ४ युनिटांची बॅटरी आणि युनिटला २५ पेन्स धरले, तर साधारण १ पौंड!

रक्कम लहान, पण कायदा कडक आहे. इंग्लंड व वेल्समध्ये १९६८ च्या थेफ्ट अ‍ॅक्टच्या कलम १३ नुसार परवानगीवाचून, अप्रामाणिकपणे वीज वापरणे हा गुन्हा असून त्याला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्रकरण कोर्टात गेले नाही तरी नोकरीवर बेतू शकते. ज्यांचा व्हिसाच नोकरीवर अवलंबून आहे, त्यांनी एका पौंडासाठी हा धोका का पत्करावा?

उलट, परवानगी घेतली तर फायदाच आहे. मालकाने कामाच्या जागी किंवा जवळपास सर्व कर्मचाऱ्यांना चार्जिंगची सोय खुली ठेवली असेल, तर त्या फुकट विजेवर प्राप्तिकर लागत नाही. ही सवलत ६ एप्रिल २०१८ पासून लागू आहे.

तेव्हा एवढे करा :

१. परवानगी लेखी घ्या. कोणता प्लग वापरायचा तेही विचारा.

२. गाडीबरोबर आलेलाच चार्जर वापरा. गुंडाळलेली एक्स्टेन्शन केबल तापते, ती टाळा.

३. बॅटरी जिन्यात किंवा दाराशी चार्ज करू नका. लिथियम बॅटरी पेटली, तर बाहेर पडायची वाटच बंद होते.

४. फुगलेली किंवा आपटलेली बॅटरी चार्ज करूच नका.