पाढे, मूल आणि मोबाईल

मुलाचे पाढे पाठ झाले, असे आपण केव्हा म्हणतो? ‘बे एके बे’पासून ‘बे दाहे वीस’पर्यंत ते न अडखळता म्हणते तेव्हा, असे बहुतेक पालक सांगतील. पण त्याच मुलाला मध्येच विचारून पाहा, ‘‘सांग बाळ, सात आठे किती?’’ पुष्कळदा ते ‘सात एके सात’पासून सुरुवात करते, बोटे मोजत आठापर्यंत येते आणि मग म्हणते, ‘‘छप्पन्न.’’ पाढा पाठ आहे, नाही असे नाही. पण तो माळेसारखा ओवलेला आहे. हवा तो मणी चटकन हाती येत नाही. आणि भागाकार करताना किंवा दुकानात हिशेब करताना गरज पडते ती या सुट्या मण्याचीच.

असे उलटसुलट विचारायचे काम घरी आजोबा करीत आणि शाळेत गुरुजी. गुरुजी आजही करतात. परंतु चाळीस मुलांच्या वर्गात एकेकाच्या वाट्याला असे कितीसे प्रश्न येणार? या ठिकाणी मोबाईलवरचे अ‍ॅप उपयोगी पडू शकते. ते कंटाळत नाही, रागावत नाही, आणि चारचौघांत मुलाचे हसे करीत नाही. ‘पडू शकते’ असे मी जपून म्हणतो, कारण प्ले स्टोअरवर ‘पाढे’ किंवा ‘गुणाकार’ असा शोध घेतला की अ‍ॅपची रांगच्या रांग उभी राहते, आणि त्यांतली कित्येक नुसती रंगीबेरंगी असतात.

मग निवड कशी करायची? श्रोतेहो, माझे सांगणे असे, की मुलाच्या हाती देण्याआधी अ‍ॅप स्वतः दहा मिनिटे वापरावे आणि त्यात मुद्दाम चुकावे. बरोबर उत्तराला टाळ्या वाजवणे सोपे असते. मूल चुकल्यावर अ‍ॅप काय करते, हे पाहण्यासारखे आहे.

समजा, प्रश्न आला सात गुणिले आठ. एका मुलाने १५ लिहिले. त्याने गुणाकाराऐवजी बेरीज केली. दुसऱ्याने ६३ लिहिले. ते एक पायरी पुढे गेले, सात नव्वेवर. तिसऱ्याने ५४ लिहिले. ते उत्तर सहा नव्वेचे आहे, आणि ‘चोपन्न’ व ‘छप्पन्न’ कानाला जवळचेच लागतात. तिघेही चुकले, पण तिघांना मदत हवी ती वेगवेगळी. नुसती लाल फुली मारून पुढच्या प्रश्नावर उडी घेणारे अ‍ॅप यांतल्या कोणालाच काही शिकवीत नाही. निदान बरोबर उत्तर दाखवावे, शक्य तर आठ-आठ ठिपक्यांच्या सात ओळी दाखवाव्यात, आणि तोच प्रश्न थोड्या वेळाने, मग दुसऱ्या दिवशी, पुन्हा विचारावा. थोडा काळ मध्ये जाऊ देऊन केलेली उजळणी अधिक टिकते, हे एबिंगहाउस या जर्मन पंडिताने १८८५ साली स्वतःच्या स्मरणावर प्रयोग करून दाखविले होते. तेव्हा उद्या तोच प्रश्न परत येतो का, हे उद्या अ‍ॅप उघडून जरूर पाहावे.

चार उत्तरे समोर ठेवून ‘एक निवडा’ म्हणणारी अ‍ॅप मी सरावासाठी दुय्यम मानतो. डोळे मिटून बोट ठेवले तरी चारांत एकदा बरोबर येते. त्यातून ५६ च्या शेजारी १२ आणि १०० ठेवलेले असले, तर पाढा न येणारे मूलही हुशार ठरते. आकड्यांच्या कळा दाबून उत्तर लिहावे लागते, ते बरे.

आता थोडा हिशेब करू. एक ते दहाच्या पाढ्यांत शंभर उत्तरे आहेत. पण चार आठे बत्तीस आणि आठ चोकही बत्तीसच. अशी जोडी एकदाच धरली तर उरतात पंचावन्न. एक, दोन, पाच आणि दहा यांचे पाढे मुलांना लवकर येतात. ते बाजूला काढले, तर तीन, चार, सहा, सात, आठ आणि नऊ यांचे आपापसांतले गुणाकार राहतात फक्त एकवीस. खरी अडचण आहे ती या एकविसांतच! जे अ‍ॅप ‘दोन गुणिले तीन’ आणि ‘सात गुणिले आठ’ सारख्याच वेळा विचारते, ते मुलाचा वेळ वाया घालवते. मुलाचे कोणते अडते ते लक्षात ठेवून तेच अधिक विचारणारे अ‍ॅप शोधावे. निदान कोणते पाढे विचारायचे, हे आपल्याला ठरवता यावे.

मराठी मुलाची आणखी एक अडचण आहे आणि ती कोणतेही अ‍ॅप सहसा ओळखत नाही. मूल तोंडाने ‘साती साती एकोणपन्नास’ अगदी बिनचूक म्हणते आणि लिहिते मात्र ५९, कारण शब्दात ‘पन्नास’ ऐकू आले. अ‍ॅप म्हणणार, चूक! वास्तविक त्याचा पाढा बरोबर आहे. संख्यालेखन कच्चे आहे. असे चार वेळा झाले की ‘मला पाढेच येत नाहीत’ अशी मुलाची समजूत होते, आणि ती काढणे फार कठीण जाते. आपली संख्यानामे मुलांना जड जातात, हे ध्यानात घेऊन २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशा वाचनाची रीत आली, आणि तिच्यावर केवढा वाद झाला तो आपल्याला आठवत असेल. वाद राहू द्या. शिक्षकांनी आणि पालकांनी एवढे करावे, की मुलाला उत्तर आधी मोठ्याने बोलायला लावावे आणि मग आकडे दाबू द्यावेत. बोललेले आणि लिहिलेले जुळत नसेल, तर पाढ्याऐवजी संख्यालेखनाचा सराव द्यावा. अ‍ॅप इंग्रजीत किंवा हिंदीत बोलत असेल, तर त्याचा आवाज बंद करावा. गुणाकाराची खूण सगळीकडे एकच आहे. पाढा मुलाने आपल्या भाषेत म्हणावा. पडद्यावर इंग्रजी आकडे असले आणि मूल अजून मराठी आकडेच शिकत असले, तर मात्र थोडे थांबावे.

घड्याळाचे काय? इंग्लंडात २०२२ पासून आठ-नऊ वर्षांच्या मुलांची पाढ्यांची सक्तीची चाचणी होते. बारापर्यंतचे पाढे, पंचवीस प्रश्न आणि प्रत्येकाला सहा सेकंद. तिकडच्या मुलांसाठी तयार झालेली अ‍ॅप साहजिकच बारावर थांबतात आणि वेळ लावतात. आपल्याकडे वीस-तीसपर्यंत पाढे म्हणायची चाल आहे, तेव्हा पुढचे तोंडीच घ्यावे लागतील. घड्याळ बंद करता येत असेल, तर सुरुवातीला बंदच ठेवावे. उत्तरे बरोबर येऊ लागली की वेग आपोआप वाढतो. मग हवे तर लावा घड्याळ.

पैशाची गोष्ट थोडक्यात सांगतो. प्ले स्टोअरवर अ‍ॅपच्या नावाखाली ‘जाहिराती आहेत’, ‘अ‍ॅपमध्ये खरेदी आहे’ अशा अर्थाच्या सूचना बारीक अक्षरांत असतात, त्या वाचाव्यात. अ‍ॅप उतरवून घेतल्यावर इंटरनेट बंद करून ते चालते का पाहावे. चालले, तर रेंज नसलेल्या वाडीवरही सराव होईल. पाढ्यांना मुलाचे छायाचित्र, घराचा ठावठिकाणा किंवा फोनमधले नंबर कशाला हवेत? तसे मागणारे अ‍ॅप सरळ काढून टाकावे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यानेही अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. जीकॉम्प्री नावाचे एक जुने, फुकट आणि जाहिराती नसलेले अ‍ॅप आहे. त्यात इतर खेळांबरोबर गुणाकाराचाही सराव आहे. सरकारच्या दीक्षावर पाठ्यपुस्तकाला धरून पुष्कळ साहित्य मिळते. मात्र व्हिडिओ पाहणे वेगळे आणि स्वतः उत्तर काढणे वेगळे, बरं का!

घरात फोन एकच, तोही दिवसभर वडिलांबरोबर शेतात. तेव्हा संध्याकाळची दहा मिनिटे पुरेत. भावंडे दोन असली, तर प्रत्येकाच्या नावाचे वेगळे खाते ठेवता येते का पाहावे. नाहीतर ताईच्या उत्तरांवरून धाकट्याला अवघड प्रश्न येऊ लागतात. दहा मिनिटे झाली की फोन बाजूला ठेवून त्या दिवशी चुकलेले दोन-तीन गुणाकार वहीत लिहून घ्यावेत. ही वही शनिवारी गुरुजींनी पाहिली, तर सोमवारी कोणाला कोणता पाढा विचारायचा हे त्यांना कळेल, आणि त्यासाठी शाळेत एकही मोबाईल लागणार नाही.